पेटीतला ब्लाऊज पिसांचा डोंगर कमी का होत नाही? उत्तर गोधडीत सापडतं

नगरहून पाथर्डीकडे निघालं की कल्याण-विशाखापट्टणम महामार्गावर तिसगाव लागतं. शेजारी कानिफनाथांची मढी, पलीकडे वृद्धेश्वर. इथल्या घरातली लोखंडी पेटी उघडली तर आत काय निघेल, हे पाथर्डी तालुक्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

वर घडी न मोडलेल्या दोन-चार साड्या. त्याखाली ब्लाऊज पिसांची थप्पी. मग कुणाकुणाच्या लग्नात मिळालेले टॉवेल, टोप्या, एखादं उपरणं. कोपऱ्यात श्रीखंडाचा डबा आणि त्यात श्रीखंड सोडून सगळं. बटणं, हुक, अर्धी रिळं, इलॅस्टिकचं भेंडोळं, गंजलेल्या सुया.

घरात शिलाई मशीन असेल तर विषय आणखी वाढतो. उरलेलं अस्तर, जास्तीचे फॉल, कटपीस, आणि गिऱ्हाइकानं टाकलेलं पण परत न्यायला न आलेलं कापड. पेटी भरली की कपाट, कपाट भरलं की पलंगाखालची जागा.

यावर मोबाईलवर सल्ला शोधला तर बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं, पारदर्शक डबे आणा आणि छान घड्या घाला. डब्यात कापड छान दिसतं, पण कमी होत नाही. आणि खरी अडचण तर तीच आहे.

परदेशातही हेच आहे, फक्त कारण वेगळं आहे

अमेरिकेत क्विल्ट म्हणजे आपल्या गोधडीसारखी पांघरुणं शिवणाऱ्या बायकांचं मोठं जग आहे. घरात साठलेल्या कापडाला त्या 'स्टॅश' म्हणतात. स्टॅश इतका वाढला की उरलेल्या आयुष्यात शिवून संपणार नाही, तर त्याला 'सेबल' असं नाव आहे. आयुष्याला पुरून उरेल इतका साठा, असा त्या अक्षरांचा अर्थ. अर्धवट सोडलेल्या शिवणकामाला त्या गमतीनं 'यूएफओ' म्हणतात.

पण तिथं कापड विकत घेऊन साठतं. आपल्याकडं ते आपणहून घरात येतं.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू. मग लग्नसराई, डोहाळजेवण, बारसं, वास्तुशांत, जागरण-गोंधळ. प्रत्येक ठिकाणी ओटी, आणि ओटीत खण-नारळ. नारळ दोन दिवसांत भाजीत जातो, खण पेटीत जातो. मूळचा खण म्हणजे चोळीचं विणलेलं कापड. तो अंगावर यायचा म्हणूनच दिला जायचा. आज त्याच्या जागी जो ब्लाऊज पीस येतो, तो पुष्कळदा इतका आखूड आणि पातळ असतो की देणारीलाही माहीत असतं, हा शिवला जाणार नाही. तो पुढच्या ओटीत जाणार. काही पीस तर घडीसुद्धा न मोडता गावभर फिरून पुन्हा पहिल्या घरी येतात.

पुरुषांचंही काही वेगळं नाही. सत्कार म्हटला की टॉवेल, टोपी, नारळ. टॉवेल वापरला तरी जातो. टोप्यांचं काय करायचं, हा प्रश्न कुठल्याच गावात अजून सुटलेला नाही.

थोडा हिशोब करून बघा. समजा पेटीत ४० पीस आहेत, वर्षाला ६ ब्लाऊज शिवले जातात आणि नवे १० पीस येतात. पाच वर्षांनी पेटीत ६० पीस असतील. एक पीस ८० सेंटिमीटरचा धरला तरी ते ४८ मीटर कापड झालं. ब्लाऊज पिसासकट साधारण सव्वासहा मीटरची साडी धरली तर साडेसात साड्यांच्या बरोबरीचं. शिवाय हल्ली साडीलाच ब्लाऊज पीस जोडून येतो, त्यामुळं पेटीतल्या पिसाला हात लावायची वेळच येत नाही.

मग पूर्वी हा डोंगर का नव्हता?

एक कारण सरळ आहे, कापड कमी होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तर सरकारनं १९४३ मध्ये सुती कापडावर आणि सुतावर नियंत्रण आणलं होतं. कापड मिळणं हेच भाग्य, साठवायचं कुठून?

पण दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. घरात आलेल्या कापडाला बाहेर जायची वाट होती. नऊवारी लुगडं नेसून नेसून विरलं की त्यातलं धड कापड काढून परकर-पोलकं व्हायचं. मऊ झालेल्या भागाची बाळासाठी दुपटी आणि लंगोट. कामावर जाणाऱ्या बाईनं त्याच लुगड्याची झोळी करून लिंबाच्या फांदीला बांधायची. नंतर चार-सहा लुगडी एकावर एक घालून गोधडी. काही ठिकाणी तिलाच वाकळ म्हणतात. गोधडी फाटली की ती बैलाच्या पाठीवर किंवा कणगीच्या तोंडावर. त्यातूनही उरलेल्या चिंध्यांचं चुलीचं पोतेरं आणि तेलात बुडवलेला काकडा. शेवटी जे राहायचं ते मातीत कुजून जायचं.

बंगालची कांथा, जपानमधलं ठिगळांवर ठिगळं लावलेलं 'बोरो', कर्नाटकातल्या सिद्दी बायकांची कवंदी, सगळीकडं हीच रीत. आणि सगळीकडं ती एकाच गोष्टीवर उभी होती. कापड सुती किंवा तागाचं होतं. जुनं झालं की मऊ व्हायचं, घाम शोषायचं, सुई आरपार जायची आणि अखेर कुजायचं.

ही साखळी तुटली पॉलिस्टरमुळं.

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर १९८२ हे वर्ष लक्षात ठेवण्यासारखं आहे. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि कित्येक गिरण्या पुन्हा कधी धड उभ्या राहिल्या नाहीत. त्याच वर्षी रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला रिलायन्सचा पॉलिस्टर धाग्याचा कारखाना सुरू झाला. एकामुळं दुसरं घडलं असं नाही. पण सुती कापडाचं घर पडत असताना पलीकडं पॉलिस्टरचं उभं राहत होतं, हे खरं. पुढं १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणानं कृत्रिम धाग्याला आणखी मोकळीक दिली. सुरतेच्या साड्या गावोगावच्या बाजारात आल्या. न चुरगळणाऱ्या, लवकर वाळणाऱ्या, रंग न जाणाऱ्या आणि स्वस्त. शेतात राबणाऱ्या बाईसाठी ही सोय मोठी होती, तिला कुणी नावं ठेवू नयेत.

फक्त ही साडी विरत नाही. मऊ होत नाही. पाणी शोषत नाही, म्हणून तिचं दुपटं होत नाही आणि पोतेरंही होत नाही. घर बदललं, पण मनातला नियम तोच राहिला, 'कापड टाकायचं नाही, कधीतरी कामी येईल'. सुती कापडाच्या बाबतीत हा नियम शंभर टक्के खरा होता. पॉलिस्टरला तोच नियम लावला आणि पेटी भरली.

म्हणून आवरायला बसल्यावर पहिलं काम घड्या घालायचं नाही. कुठलं कापड सुती आणि कुठलं नाही, हे वेगळं करायचं.

काडीपेटीची परीक्षा

हात लावून हल्ली फसायला होतं, कारण मिश्र धाग्याचं कापड सुतीसारखंच दिसतं. जुन्या कापडवाल्यांची परीक्षा सोपी आहे. कडेचे पाच-सहा धागे काढा, चिमट्यात धरा, खाली पाण्याची ताटली ठेवा आणि काडी लावा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राखाडी राख राहते. रेशीम आणि लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो. पॉलिस्टर वितळतं, आकसतं आणि थंड झाल्यावर त्याचा कडक काळा मणी होतो. राखही दिसली आणि मणीही झाला, तर कापड मिश्र आहे.

ही परीक्षा नुसती हौस म्हणून करायची नाही. पाथर्डी तालुक्यातून दरवर्षी दिवाळीच्या आसपास हजारो माणसं ऊसतोडीला निघतात. पुढचे काही महिने कारखान्याच्या तळावर, कोपीत. थंडीत अंगावर घरची गोधडी आणि हाताच्या अंतरावर चूल किंवा शेकोटी. सुती गोधडीवर ठिणगी पडली तर भोक पडतं, धुमसतं, वास येतो आणि माणूस जागा होतो. पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं आणि भाजलेली जखम खोल जाते. ज्या पांघरुणाखाली लेकरू झोपणार आहे, त्याचं वरचं आणि खालचं कापड सुतीच हवं. घरात साड्याच सिंथेटिक असतील तर त्या आतल्या थरात घाला आणि तिथं धावदोरा जवळजवळ टाका, कारण हे कापड आत सरकतं आणि गोधडीचे गोळे होतात.

मोजल्याशिवाय काही खरं नाही

सुती, सिंथेटिक आणि रेशमी असे तीन ढीग झाले की टेप घ्यायची. प्रत्येक तुकडा मोजायचा, लांबी आणि पन्हा दोन्ही. पन्हा विसरला तर मोजमाप फुकट, कारण ३६ इंच पन्ह्याचं एक मीटर आणि ४४ इंच पन्ह्याचं एक मीटर यांत मोठ्या मापाच्या ब्लाऊजच्या बाह्या निघतात की नाही एवढा फरक पडतो.

मग एक जुनी वही. कापडाच्या कडेची दोन बोटांएवढी चिंधी कापून वहीत डकवायची. बाजूला लिहायचं: लांबी, पन्हा, कुठं ठेवलंय. मोबाईलमध्ये फोटो काढला तरी चालेल, पण मॅचिंगसाठी फोटोवर भरवसा ठेवू नका. बल्बच्या उजेडात काढलेल्या फोटोत मोरपंखी निळा दिसतो आणि राणी रंग लाल. नगरच्या कापड बाजारात जाताना ही वही पिशवीत असली की दोन गोष्टी होतात. अस्तर आणि लेस नेमकी मिळते. आणि घरात जे आहे तेच पुन्हा आणलं जात नाही. तिसगावहून नगर साधारण ४० किलोमीटर. एवढ्या लांबून आणलेलं कापड घरात निघालं की होणारा मनस्ताप शिवणाऱ्या बाईलाच कळतो.

लावायचं कसं, ते मॅचिंग सेंटरवाल्याकडून शिकावं. त्याच्याकडं टू बाय टू रुबियाचे शेकडो रंग असतात, तरी तो अर्ध्या मिनिटात हवा तो काढतो. कारण गिऱ्हाईक पहिल्यांदा रंग विचारतं, म्हणून तो रंगानं लावतो. ड्रेसचं कापड विकणाऱ्याला आधी 'किती मीटर आहे' हे विचारलं जातं. घरातही तोच नियम लावायचा. ब्लाऊज पीस आणि अस्तर रंगानं, दोन मीटरच्या वरचं कापड लांबीनं. सगळे पीस एकाच पुठ्ठ्यावर गुंडाळून घडी घाला, म्हणजे आकार सारखा होतो. आणि थप्पी न रचता वह्या लावतो तसे उभे लावा. थप्पीतला तळाचा पीस वर्षानुवर्षं उजेड बघत नाही.

पाथर्डीकडं पाऊस कमी, त्यामुळं कोकणासारखी बुरशी लागत नाही. इथले शत्रू धूळ, उंदीर आणि कसर. कसर खळीच्या कापडाकडं येते, म्हणून सुती कापड साठवायच्या आधी एकदा पाण्यातून काढून खळ घालवलेली बरी. त्यानं आणखी एक काम होतं, जे आटायचं ते आधीच आटतं. नवं अस्तर किंवा फॉल न भिजवता लावला की पहिल्या धुण्यात कापडाला चुण्या पडतात. रेशीम आणि जर जुन्या मऊ सुती फडक्यात बांधा, डांबरगोळी जरीला टेकू देऊ नका आणि दोन-तीन महिन्यांनी घडी बदला. त्याच घडीवर वर्षं गेली तर रेशीम घडीवरच चिरतं.

शिवणाच्या बारीक सामानाचा निकाल लवकर लागतो. रिळाचा धागा हातभर काढून झटका द्या, सहज तुटला तर तो मशीनवरही तुटणार. इलॅस्टिक ताणून सोडा, परत आलं नाही किंवा आतून करकरलं तर फेका, त्यातलं रबर मेलेलं आहे. गंजलेली सुई कापडावर डाग पाडते, ती गेलीच पाहिजे. चेन, हुक आणि बटणं मात्र टिकतात. मशीनच्या तेलाची बाटली कापडापासून लांब ठेवा.

घरी शिलाई करणाऱ्यांचं वेगळं आहे

गावोगावी आता बायका घरी मशीन टाकून ब्लाऊज, फॉल-पिको करतात. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत शिंपीकामही आहे. अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजानं कर्ज, अशी ती योजना. मशीन आलं की धंदा सुरू होतो, पण कापडाची शिस्त योजनेत मिळत नाही.

इथं पेटीतलं कापड म्हणजे अडकलेलं भांडवल. समजा ५० रुपये मीटरचं ४० मीटर अस्तर रंग चुकल्यामुळं पडून आहे. म्हणजे २,००० रुपये पेटीत झोपलेत, आणि लग्नसराईत मरून रंगाचं अस्तर आणायला मात्र उधारी करावी लागते. म्हणून चालणारे रंगच जास्त ठेवायचे आणि बाकीचे गिऱ्हाईक आल्यावर आणायचे.

दुसरं म्हणजे गिऱ्हाइकाचं कापड आणि आपलं कापड एका पिशवीत कधीच ठेवू नये. कापड घेतानाच त्याला चिठ्ठी टाचायची: नाव, तारीख, किती आलं. शिवून झाल्यावर उरलेला तुकडा ब्लाऊजसोबत परत द्यायचा. गावात भांडणं बोटभर कापडावरून होतात आणि पुढं पिढ्यान् पिढ्या टिकतात.

बाहेर जायची वाट

निवडून, मोजून, वहीत लिहून झालं की उरतं ते ज्याचं काही शिवायचं नाही असं कापड. त्याला दार उघडून द्यावं लागतं.

आखूड ओटीच्या पिसाचा ब्लाऊज होत नाही, पण पिशवी होते. ८० सेंटिमीटर लांब आणि ९० सेंटिमीटर पन्ह्याच्या पिसाचे ४० बाय ४५ चे चार तुकडे पडतात, म्हणजे बाजाराच्या दोन पिशव्या. बंद चिंध्यांचे. पातळ असेल तर दोन पीस जोडून दुहेरी शिवा. २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली तेव्हापासून कापडी पिशवीला कुणी नाही म्हणत नाही.

धड असलेली पण नको असलेली साडी बोहारणीला दिली तर भांडं येतं. हा व्यवहार लोकांना जुनाट वाटतो, पण जुनं कापड त्याच्या नव्या मालकापर्यंत पोचवायची इतकी पक्की सोय दुसरी नाही. 'गूंज' ही संस्था १९९९ पासून शहरातलं जुनं कापड गोळा करून गावाकडं पाठवते, जुन्या सुती कापडाचे धुऊन स्वच्छ केलेले पॅडही बनवते. जे अगदीच फाटलं ते हरियाणातल्या पानिपतला जातं. तिथं देशविदेशातल्या चिंध्या पिंजून त्यांचा धागा आणि त्या धाग्याची स्वस्त घोंगडी होते. चिंध्या घरामागं पेटवून देणं मात्र टाळा, पॉलिस्टरचा धूर छातीत जातो.

राहता राहिली ओटी. इथं देवस्थानांकडं बघण्यासारखं आहे. कोल्हापूरच्या अंबाबाईला भाविकांनी वाहिलेल्या साड्या देवस्थान समिती विकते. आपल्याच जिल्ह्यात शिर्डीला साईबाबांना आलेली वस्त्रंही भक्तांना विकत मिळतात. देवाच्या दारात आलेलं कापडसुद्धा तिथंच साठवत नाहीत. घरात तेवढं जरी केलं तरी पुष्कळ. ओटीत आलेला पीस त्याच आठवड्यात ठरवायचा, शिवायचा की द्यायचा. द्यायचे असतील ते वेगळ्या पिशवीत, पेटीत नाही. आणि स्वतः ओटी भरताना चार हलके पीस आणण्याऐवजी पूर्ण मीटरचा एक सुती पीस द्यायचा. महाग पडतो, हे खरं. पण तो शिवला जातो.

हे सगळं काढायचं कधी, याची वेळ आपल्याकडं आधीच ठरलेली आहे. घटस्थापनेच्या आधी गावात घरं सारवून, झाडून, घरातल्या सगळ्या गोधड्या धुवायला काढतात. कडक ऊन पडलेलं असतं आणि वाळत घातलेल्या गोधड्यांवर कुठली विरली, कुठली अजून एक हिवाळा काढेल, ते लांबूनही दिसतं. त्याच दोन दिवसांत पेटी अंगणात उलटी केली, तर विरलेल्या गोधडीला नवा सुती थर मिळतो आणि टोळ्या निघायच्या आधी ती शिवूनही होते.